बाबा, मी रिलॅक्स होणार नाही

बाबा, दिवाळीच्या आधी तुमच्या मुलाने मला रिलॅक्स व्हायला सांगितलं. मेहकरला, रजिस्ट्रीच्या ऑफिसबाहेर. हक्कसोडपत्र तयार होतं, माझी सही तेवढी बाकी होती. भावजय माझ्यासाठी घेतलेली साडी धरून उभी. बहिणीनं शेतातला वाटा सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, ही आपली रीत. मी म्हटलं, सही करणार नाही. तर म्हणतो कसा, "ताई, रिलॅक्स न. काऊन येवढी तापून राह्यली? सही कर अन् मोकळी हो."

हा शब्द मला तुम्हीच शिकवला. जानेफळच्या घरी, स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, तुम्ही माझा इंग्रजीचा धडा घेता आहात. "मूठ आवळ. आता सैल सोड. हे झालं एक रिलॅक्स." दुसरं, नियम सैल करणं. तिसरं, निवांत बसणं. मी विचारलं, मग आई कधी रिलॅक्स होते? तुम्ही हसलात. "तिले कुठं टाइम हाय?" आईनं भाकरी उलटली. चौथा अर्थ तुम्ही सांगितलाच नाही, तो मला त्या ऑफिसबाहेर कळला. पुरुष बाईला रिलॅक्स म्हणतो तेव्हा तो तिला गप बस म्हणत असतो.

आत्याला तुम्ही हेच मराठीत सांगितलं होतं. "बाई, डोक्याले ताप नको करून घेऊ, मी हाव न." तिनं सही केली, नवी साडी नेसून ओसरीवर बसली, तुम्ही पेढे वाटले. पुढे नवरा गेल्यावर तीच आत्या राहायला एक खोली मागायला आली, तेव्हा तुम्ही म्हणालात, सोडलं ते सोडलं. तिच्यासाठी नियम सैल झाला नाही. ती चहाही न घेता नांदुऱ्याला परत गेली. मी दारात उभी होते, बाबा. मी सगळं पाहिलं.

म्हणून साडी परत केली. मास्तरांची पोरगी हावरट निघाली, असं गाव म्हणतं. म्हणू दे. शेत कसायचं की पडीक ठेवायचं, ते मी बघेन. वाटा माझा आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तुम्ही समोर असतात तरी मी नाहीच म्हटलं असतं, आणि तुम्ही रागावला असतात तर रागावू दिलं असतं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. भाऊबीजेला तो येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी सकाळी ओवाळायचं ताट केलं, आणि दिवेलागणीपर्यंत ते उचललं नाही.