चाळणीत अडकलेली शिंपली

सिल्वासा, १९ नोव्हेंबर

प्रिय रूपालीताई,

तुला नि दाजींना नमस्कार, चिनूला पापा. लिहितो लिहितो म्हणत दिवाळी उलटून गेली. फोनवर बोललो असतो, पण तू स्पीकर लावतेस आणि सगळं घर ऐकतं.

मी बरा आहे. थकलोय फक्त. हात कोपरापर्यंत निळे झालेत. घरमालकीण केसरबाईंची शेळीपण माझे हात धुतलेलं निळं पाणी पिऊन निळ्या तोंडाने हिंडते, लोक गाडी थांबवून बघतात. ते असो.

हल्ली मी प्रमिला मॅडमकडे कामाला असतो. रत्नागिरीच्या, इथे कॉलेजात शिकवतात. सुरतेकडच्या जमिनीतून खोलवरची माती येते, ती मी चाळणीवर धुतो. उरतात खसखशीएवढ्या शिंपल्या. त्यावरून कळतं, कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथला समुद्र उथळ होता का खोल. एका थराची माती धुऊन झाली की चाळणी निळ्या रंगात बुडवायची. जाळीत मागची शिंपली अडकली असेल तर ती निळी होते. नव्या मातीत ती मोजायची नाही.

परवा सगळ्यात खालच्या थरात एक चपटी, नाण्यासारखी शिंपली मिळाली. ही ऊन पोचेल अशा उथळ पाण्यातच जगते. मॅडम दोन वर्षं तीच शोधत होत्या. खुशीत त्यांनी खमण ढोकळा मागवला. "विकी, लकी आहेस रे तू!" त्या गेल्यावर मी ब्रशने शिंपली उलटली. कडेला निळं. वरच्या थरातली, जाळीत राहिलेली.

कुणाला कळलं नसतं. काल सांगून टाकलं. मॅडमनी खमणाचं रिकामं खोकं चुरगळून कचऱ्यात टाकलं. मग म्हणाल्या, "मेल्या, ऊठ. परत धू सगळं."

धुता धुता वाटलं, यांना सांगता आलं तर ताईला का नाही? दाजींनी शब्द टाकून लावलेली, इथल्या अथाल गावच्या कंपनीतली नोकरी मी गणपतीतच सोडली. ही तिसरी. तुझ्या सासूबाई काय बोलतील ते मला पाठ आहे, आणि ऐकायचं तुला. तू दाजींना काही सांगू नकोस, मी स्वतः…

ताई, खाली दाजींचा आवाज येतोय. "विकी इथेच राहतो ना? कंपनीच्या वॉचमनने इकडं पाठवलं. त्याच्या ताईने लाडू दिलेत."

केसरबाई त्यांच्या गुजराती-हिंदीत सांगतायत, "वो मिट्टी धोनेवाला ने? ऊपर छे."

मागे दुसरा जिना आहे. चपलाही तिकडेच. पण बसलोय. हात पुसलेले नाहीत.

तुझा, या वेळी न पळालेला,
विकी