गोल अडवणाऱ्याला तिकीट कोण देतो

कोच, तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊन आता सहा वर्षं झाली, तेव्हा कुठल्या भाषेत लिहितो याने तसा काही फरक पडत नाही. इंग्रजीत लिहायला बसलो की मी भांडायला लागतो, ही माझी जुनी खोड. मराठीत जरा दमाने घेता येतं. शिवाय तुमच्या टीममध्ये मराठीला मान होता. मी पुण्याहून या बेटाएवढ्या देशात आलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आणि तुम्ही शनिवारी सकाळी टॅम्पिनीसच्या मैदानावर आम्हा पोरांना शिकवायला लागलात तेव्हा चौदाचा. घाईत माझ्या तोंडून मराठीच यायचं. मागून कोणी चालून आला की "आला, आला". बॉल गोलकीपरसाठी सोडायचा असला की "सोड". बाकीची पोरं हसायची. एकदा तुम्ही शिट्टी मारून खेळ थांबवलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही जवळ आलात आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारलात, मग आमच्या मलय गोलकीपरला "सोड" दहा वेळा म्हणायला लावलंत. "समोरच्याला कळत नाही," तुम्ही म्हणालात, "आणखी काय पाहिजे?" महिनाभरात तो गोलकीपर इथल्या बोलीतलं 'लाह' जोडून "सोड लाह, सोड लाह" असं ओरडायला लागला होता आणि आमचा बचाव त्या भागातल्या सगळ्या टीम्समध्ये सगळ्यात बोलका झाला होता.

तुम्ही तेव्हा छत्तीसचे होतात, स्पेनहून आलेले, संध्याकाळी इथल्या लीगमध्ये खेळायचात. क्लबला परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, आणि त्या जागांवर सगळे गोल मारणारेच आणतात. गोल अडवणाऱ्याला विमानाचं तिकीट कोण देतो, असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. तुम्हाला दिलं होतं एका क्लबने, शेवटच्या दोन हंगामांसाठी. गुडघ्याला पट्टी, डाव्या भुवईवर टाके, आणि चालणं असं सावकाश की कुणाला वाटावं, हा माणूस पळणार कसा. तुम्ही पळायचातच नाही फारसे. जिथे बॉल येणार तिथे आधीच उभे असायचात. मी तुमचे सगळे सामने पाहिले. स्टँडमध्ये दीडशे-दोनशे माणसं, त्यातला मी एकटा फक्त तुमच्याकडे बघत बसलेला.

आता तो सामना. तुम्हाला आठवत असेलच, मेल्यावरसुद्धा. समोर एका इंटरनॅशनल स्कूलची टीम, बरोबरीत, थोडाच वेळ उरलेला. उंच बॉल आला, मी डोकं लावणार इतक्यात मागून आवाज आला, "सोड, माझाय." आणि मी सोडला. कोच, आमच्या टीममध्ये इतकं स्वच्छ मराठी कुणालाच येत नव्हतं. गोलकीपर "सोड लाह" म्हणायचा. हा आवाज सदाशिव पेठेतल्या मित्राने गॅलरीतून हाक मारावी तसा होता, आणि मला तो परका वाटलाच नाही, म्हणूनच तर सोडला. मागे वळेपर्यंत त्यांच्या फॉरवर्डने बॉल जाळ्यात घातला होता आणि माझ्याकडे बघून म्हणत होता, "थँक्यू हां, मित्रा." एका पुणेकर बँकरचा मुलगा निघाला. मी रेफरीकडे धावलो. म्हटलं, सर, त्याने मला फसवलं, 'लीव्ह इट' म्हणाला. रेफरी म्हणाला, मी तर ऐकलं नाही. म्हटलं, मराठीत म्हणाला. "मराठी म्हणजे काय?" "भाषा आहे, सर." "मग मला कसं कळणार, तो काय म्हणाला?" मग मी परत गेलो आणि त्या फॉरवर्डच्या नाकावर ठोसा मारला. रेफरी खिशातून लाल कार्ड काढता काढता म्हणाला, "हे मात्र मला समजलं."

बसस्टॉपवर तुम्ही आवाज न चढवता बोललात, त्याने जास्त लागलं. "गोल गेला, ठीक. डिफेंडर झालास म्हणजे गोल जाणारच. पण दहा जणांना आत सोडून तू बाहेर जाऊन बसलास." मी म्हटलं, त्याने लबाडी केली. "केली. उद्या आपण त्याच्या घरी जातोय." मला वाटलं, तुम्ही भांडायला येताय. निघालात माफी मागायला. दुसऱ्या दिवशी तीन गाड्या बदलून दीड तासाने आपण बुकित पंजांगच्या त्यांच्या काँडोतल्या फ्लॅटवर पोचलो, हातात आईने दिलेला चकल्यांचा डबा. दार त्याच्या बहिणीने उघडलं. तिने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आत तोंड करून ओरडली, "आई, तो बॉक्सर आलाय."

तिथेच काय व्हायचं ते झालं, कोच. आठ वर्षं होत आली, अजून ती मला बॉक्सरच म्हणते.

त्यांच्या आईने, म्हणजे काकूंनी, पोहे केले होते. तुम्ही लिंबाच्या फोडीकडे बघून विचारलंत की हे कधी खायचं, आणि त्याची बहीण इतकी हसली की पाण्याचा ट्रे तिरका झाला. मी माफी मागितली. मान खाली, शब्द पाठ केलेले. मग काकूंनी सहज विचारलं, "पण भांडण झालं तरी कशावरून?" आणि मी सांगितलं. काकूंनी हळूच पोराकडे वळून पाहिलं. त्याच्या नाकावर पट्टी होती. "या देशात तुझ्याशी मराठी बोलायला पोरं मिळत नाहीत म्हणून मी रडत होते," त्या म्हणाल्या, "आणि एक मिळाला तर त्याला असा फसवलास होय रे?" मग त्यालाही माफी मागावी लागली. ती माफी काकूंच्या धाकाने होती, पण पुढे आम्ही मित्र झालो ते खरंच.

मग काकूंनी तुम्हाला विचारलं, तुम्ही त्या मोठ्या क्लबमध्ये खेळलात का? त्यांना स्पेनचे दोनच क्लब माहीत. तुम्ही म्हणालात, "त्यांच्याविरुद्ध. एकदा. सत्तर मिनिटं." आणि चमचा ठेवून तुम्ही सांगायला लागलात. ते आम्हाला मैदानावर कधी सांगितलं नव्हतंत. उत्तरेकडचं खाणीचं गाव, वडील खाणीत. सतराव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या राखीव टीममध्ये, मग दुसरी डिव्हिजन, तिसरी, पुन्हा दुसरी. दर दोन वर्षांनी नवं गाव, नवं भाड्याचं घर, तेच काम. एकदाच वरच्या डिव्हिजनमध्ये चढलात, एका छोट्या गावाच्या क्लबबरोबर. त्या हंगामाचा शेवटचा सामना, बरोबरी झाली तरी क्लब वर टिकतो, आणि तुम्ही पेनल्टी बॉक्समध्ये समोरच्याचा शर्ट ओढलात. पेनल्टी, गोल, क्लब खाली. तुमचा एजंट म्हणाला, आजच सामान बांध, गाव तुला जगू देणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सपाता घालून नेहमीच्या बेकरीत गेलात. बेकरीवाल्या बाईंनी न बोलता पाव दिला. रोज जायचात, रोज तसंच. आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी शर्ट बॉक्सच्या बाहेर ओढ." त्या गावासाठी तुम्ही पुढे पाच वर्षं खेळलात.

काकू म्हणाल्या, "घ्या, अजून थोडे पोहे घ्या." परतीच्या गाडीत तुम्ही झोपलात आणि मी त्या मुलीचा विचार करत होतो. बेकरीचा विचार करायला मला आजपर्यंत वेळ लागला.

पुढच्या वर्षी तुम्ही परत गेलात. आम्हाला सांगितलंत, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मला शेवटच्या सामन्यात बसवून ठेवलं होतंत म्हणून मी रुसलो होतो, निरोपाला आलो नाही. तुमचे नडगीवरचे शिनगार्ड तुम्ही गोलकीपरकडे माझ्यासाठी ठेवून गेलात. पाच महिन्यांनी त्याचाच मेसेज आला, कोच वारले म्हणून. गुडघा नव्हता तो. शिनगार्ड मला तेव्हा मोठे होत होते, आता बरोबर बसतात.

आता माझं सांगतो. मी चांगला खेळतो, हे आधी. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका लेक्चररने सगळ्यांसमोर म्हटलं की माझा रिपोर्ट नक्कल केलेला आहे. नव्हता. मी फाइल आपटली. जमिनीवर, त्यांच्या अंगावर नाही. आणि चालायला लागलो. वर्गातून निघालो तो रागाने, पण परत गेलो नाही तो विचार करून, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. पंप आणि व्हॉल्व्ह हे बाबांचं जग आहे, ते त्यात आनंदात असतात. मी एका क्लबमध्ये गेलो, म्हटलं, मला दोन आठवडे नुसतं तुमच्याबरोबर खेळू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परदेशी फॉरवर्डला मी तासभर वळूच दिलं नाही, तेव्हा त्यांच्या कोचने माझं वय विचारलं. दोनाचे पाच आठवडे झाले. एक परदेशी जागा रिकामी आहे. मला दिली तर ते माझा पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, काढतील. स्टुडंट पास आता रद्द होणार, मग इथे राहायचं तर तोच रस्ता. नाहीतर पुणे. पण ते देतील. मी त्यांच्या जागी असतो तर दिली असती.

फक्त एक गोष्ट आहे. बाबांना माहीत नाही. ते पहाटेच घर सोडतात, अख्खं बेट आडवं ओलांडून जुरोंग आयलंडवरच्या प्लांटला जाणारी कंपनीची बस पकडतात. त्यांच्यामागून मी कॉलेजची बॅग घेऊन निघतो. बॅगेत बूट असतात. सकाळी सराव, दुपारी आठ वर्षांच्या पोरांना शिकवणं, संध्याकाळी घरी, "काय शिकवलं आज?" "थर्मो." सात आठवडे. आणि आता कॉलेजचं पत्र घरी येणार आहे, एक-दोन दिवसांत.

तिला मी सगळं सांगितलं होतं. परवा युनिव्हर्सिटीच्या बसस्टॉपवर तिने विचारलं, "घरी बोललास?" म्हटलं, क्लबचं ठरलं की बोलतो. म्हणजे एकदम चांगली बातमी. ती म्हणाली, "तू कॉलेज सोडलंस त्याचं मला काही नाही. इंजिनिअर मला ढीगभर माहीत आहेत. पण रोज सकाळी ती बॅग घेऊन निघतोस ना, ते मला बघवत नाही." मी म्हटलं, तुला बाबा माहीत नाहीत. "मला तू माहीत आहेस, बॉक्सर. ठोसा मारायला तुला काही लागत नाही, बोलायला लागतं. घरी बोललास की मेसेज कर. तोपर्यंत करू नकोस." आणि बसमध्ये चढली. मला असा राग आला की त्या बसमागे धावून सांगावंसं वाटलं, मी कुणाला घाबरत नाही. मग लक्षात आलं की हे मी फक्त बसला सांगू शकतो.

दोन दिवस तिचा मेसेज नाही. जेवण जात नाही, झोप लागत नाही, सरावात मात्र मी कधी नव्हे इतका छान खेळलो. ही वही घेऊन मैदानाशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर बसलोय. उद्या रविवार, बाबा घरी आहेत. उद्या सांगतो.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आता रविवार, साडेअकरा वाजलेत, मी माझ्या खोलीत आहे.

बाबा रविवारी दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्र अंथरून प्लांटवरचे सेफ्टी शूज पुसत बसतात. आई बाजारात गेली होती. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "बाबा, मी कॉलेज सोडलंय." ब्रश थांबला. "कधी?" "सात आठवडे झाले." शेजारच्या चिनी आजी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी बाबांना गुड मॉर्निंग केलं, बाबांनीही केलं. मग म्हणाले, "रोज कुठे जातोस मग?" मी सगळं सांगितलं, लेक्चरर, फाइल, क्लब, पास. मी तयार होतो, कोच. शिव्या आल्या असत्या तर उत्तरं होती माझ्याकडे, रात्रभर जुळवलेली. ते म्हणाले, "आणि डबा?"

"काय?"

"आई डबा देते तो. कुठे बसून खातोस?"

"मैदानाच्या कडेला. बाक आहे."

"ऊन असेल."

"झाड आहे."

ते पुन्हा बूट पुसायला लागले. मी खाली वर्तमानपत्रातल्या चिनी अक्षरांकडे बघत बसलो. मग त्यांनी विचारलं, "क्लब घेईल, याची खात्री आहे?" म्हटलं, "मी चांगला खेळतो, बाबा." ते म्हणाले, "असशील. मी कुठे पाहिलंय." दुसरा बूट उचलला, त्याच्या आत हात घातला. "त्या लेक्चररला जाऊन भेट. परत घ्या म्हणून नाही. फाइल आपटलीस म्हणून." मी हो म्हटलं. "आणि आईला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. मला तिथे उभंही करू नकोस."

तर असं झालं. हे वहीतच राहणार, तुमच्या गावाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, पत्ता तर लांबच. खालून आईचा फोन आलाय, पिशव्या जड आहेत, ये म्हणून. मी चाललोय.

एक सांगून टाकतो. तिला मी मघाशीच मेसेज केला, "घरी सांगितलं." तिने लगेच उलट लिहिलं, "शाब्बास, बॉक्सर. तुझी आई काय म्हणाली?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.