जळालेल्या सिनेगॉगमधले आवाज

३ मार्च
पाया लेबारच्या नव्या ऑफिसात आज पहिला दिवस. मजा आली! नवऱ्याचं, राजसचं, जहाज परवाच सुटलं, त्यामुळे सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये आता मी आणि लेक इराच. काम तर अगदी माझ्या आवडीचं. पूर्व युरोपातल्या एका गावचं लाकडी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, युद्धात जळालं. उरली ती जुनी मापं आणि रेखाटनं. तिथं बोललं असतं तर आवाज कसा घुमला असता, ते त्यांवरून कॉम्प्युटरवर उभं करायचं, प्रदर्शनासाठी.

७ मार्च
काय देखणी वास्तू! बाहेरून धान्याच्या कोठारासारखी साधी. आत मात्र जमीन रस्त्याहून खाली नेलेली, म्हणून छत आणखी उंच वाटतं. मधोमध चार खांबांत पोथी वाचायचा चौथरा, वर तंबूसारखा रंगवलेला घुमट, बायकांसाठी जाळीआडचा सज्जा. मी माइकसमोर नमस्कार म्हटलं. हेडफोनमध्ये तो लाकडात मुरून, मऊ होऊन परत आला. डोळ्यांत पाणीच आलं.

१२ मार्च
आमच्या प्रमुख वेई लिंग यांनी आज पुढचं सांगितलं. सैनिकांनी गावच्या ज्यूंना आत कोंडलं, दारं बाहेरून ठोकून बंद केली आणि आग लावली. आतले ओरडत होते. शेजारी घरात बसून राहिले.
नंतर मी माइकवर विचारलं, कोणी आहे का. माझा आवाज घुमला. त्यामागून सज्ज्याच्या बाजूनं एका बाईचा. शब्द कळले नाहीत. विनवणी कळली.

१५ मार्च
रेकॉर्डिंग पुसून नवं केलं. आता पुष्कळ आवाज, मुलांचेसुद्धा. त्यांत माझा परत आलाच नाही. तो तिथंच राहिला.

१६ मार्च
हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावर तीनदा कॉफी मागितली. ठेलेवाले काका माझ्यामागच्या माणसाशी बोलले. व्हिडिओ कॉलवर राजस हसला, "अगं, तुझा माइक बंद आहे."
माइक चालू होता.
इरा इथल्या इंग्रजीत चिडली, "आई, स्पीक अप लाह!"

१८ मार्च
आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. सकाळी हातून बशी पडली. फुटली. इरानं वळूनही पाहिलं नाही— आवाजच झाला नाही. सिनेगॉगमधल्या त्या लोकांना माझं वाईट करायचं नसेल. पण त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि आता माझं—

२० मार्च
रेकॉर्डिंगमध्ये मराठी बोलणारी बाई सापडली. ओळखायला वेई लिंगनी इराला बोलावलंय. धावत आले— स्टुडिओचं दार बंद, लाल दिवा. काचेतून दिसतंय. हेडफोन लावून इरा रडतेय. मी तिथं तिला हाका मारतेय म्हणे— मी इथं आहे, इथं! दोन्ही मुठींनी काच बडवली. कुणी वळलं नाही. पानभर NO लिहून काचेला लावलं. ती माइककडेच बघतेय—

बोलली. ओठांवरून कळलं. "आई, मी इथंच आहे."

वेई लिंग कानाशी हात नेऊन तिला विचारतायत, काय म्हणालीस. इरा पुन्हा बोलतेय. ओठ हलतायत. वेई लिंग नकारार्थी मान हलव—