घडी न घातलेला ताव

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि तुझ्या मंडळींचा खोकला थांबला का, हे सविस्तर कळवावे. (तुझ्या गेल्या पत्रातील चार चुका तांबड्या शाईने दाखवून ते सोबत परत पाठवीत आहे. राग मानू नये.) माझी प्रकृती उत्तम आहे, आपल्या जुन्या छापखान्याची मात्र बिघडली आहे.

प्रथमोपचाराच्या पुस्तिकेच्या दोन हजार प्रती छापल्या. तुला ठाऊक आहेच (तरी सांगतो, कारण तू विसरतोस), एका मोठ्या तावावर सोळा पाने उलटसुलट छापतात आणि घडी घातली की ती क्रमाने लागतात. या खेपेस ती लागली नाहीत. एका पानाअखेर 'नाकातून रक्त येत असल्यास रुग्णास ताबडतोब' असे आहे आणि पुढचे पान 'भिंतीवर हाताला येईल अशा उंचीवर टांगून ठेवावे' असे सुरू होते. हे दुसरे वाक्य वस्तुतः मलमपट्टीच्या साहित्याविषयी आहे. (व्याकरणदृष्ट्या जोड निर्दोष आहे, हे नमूद करणे माझे कर्तव्य.)

मालकांनी रीतीप्रमाणे 'कोण?' असे विचारले. वरच्याने खालच्याकडे बोट दाखवले, खालच्याने त्याच्याही खालच्याकडे. ते अखेर घडी घालणाऱ्या मावशींवर येऊन थांबले, कारण त्यांच्या खाली कोणी नाही. सोमवारपासून त्यांनी येऊ नये असे ठरतच होते, तोच मालकांची सून मध्ये पडली. सोमवारी सर्वांनी एकत्र बसायचे, 'कोण' हा शब्द वर्ज्य, 'कसे' एवढेच विचारायचे आणि पुढच्या वेळी चूक कुठे अडवायची ते फळ्यावर लिहायचे, असे तिने सुचवले. कारण सापडले नाही तर मात्र मावशींना निरोप, ही अट मालकांनी घातलीच.

मुद्रितशोधक या नात्याने मी हरकत घेतली. कर्त्यावाचून क्रियापद उभे कसे राहणार? त्यावर मावशी हाताची खळ पुसत म्हणाल्या, "काका, मी खुणेवर घडी घालते. वाचायला तुम्ही बसलाय ना?" सगळे हसले. मी चष्मा पुसला. तेवढ्यात मशीनमनने सांगून टाकले, की प्लेट लावताना त्याने बाजू उलटी धरली असावी. त्याला कोणी खाल्ले नाही. सुनेने फक्त विचारले, मग ती चूक पुढे कशी निसटली? आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, पहिला ताव कसा तपासतात, ते सोमवारी तुम्हीच सांगाल का?"

मी 'पाहू' म्हटले. असो. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
थोरला

ता. क. पहिल्या तावाला घडी घालून, पाने उलटून, मगच सही करायची असते. घडीतली अक्षरे भिंगाखाली नीट येत नाहीत, म्हणून मी तो सपाटच वाचला. एकही चूक सापडली नाही. सही माझी आहे.

आणखी एक. बावीस वर्षांपूर्वी याच चुकीसाठी मी तुला चारचौघांत उभे केले होते. तू 'माझ्याकडून झालं' एवढेच म्हणालास आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाहीस. ते दोन शब्द तोंडातून कसे काढलेस, हे सोमवारपूर्वी कळव. शुद्धलेखन कसेही चालेल.