उलटे धरलेले हाड

मी, फिजा हसन परकार, वय वर्षे चोवीस, अविवाहित, व्यवसाय शिक्षिका, मूळ राहणार दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम रुमैथिया, कुवेत, हे मृत्युपत्र आज रविवार, दिनांक १३ जानेवारी १९९१ रोजी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. वरच्या मजल्यावरच्या प्रभा सिस्टरनी सकाळी माझी नाडी बघून तसे सांगितले आहे. राजीखुशीने लिहिते आहे असे म्हणवत नाही, पण मला कोणी भाग पाडलेले नाही. इराकने कुवेत सोडण्याची मुदत परवा, पंधरा तारखेला संपते. त्यानंतर आकाशातून काय पडेल ते कोणाला माहीत नाही, म्हणून हे आजच.

१. नूरुद्दीन चाचा आमच्या गावचे. कोपऱ्यावर त्यांचा बकाला आहे, म्हणजे वाणसामानाचे दुकान. त्यांनी आठवण करून दिली की शरीयतप्रमाणे मला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, बाकीचे आपोआप वारसांचे. मग त्यांनी माझ्या खोलीत नजर फिरवली. "एक कपाट, एक खाट, तीन वह्या. बेटी, तिसरा हिस्सा म्हणजे एक वही. ती कोणाला देतेस ते नीट ठरव." ते हसत होते. मला हसू आले नाही, कारण ती वही कोणाला द्यायची ते मला सप्टेंबरपासून माहीत आहे आणि द्यायचे धाडस होत नाही.

२. माझे बी. ए.चे प्रमाणपत्र, विषय इतिहास, अब्बांना द्यावे. परकारांच्या घरात आलेली ही पहिली पदवी. माझा जन्म झाला तेव्हा अब्बा जहाजावर होते. दादीने पत्र लिहवून घेतले, 'मुलगी झाली, अल्लाहची मर्जी,' आणि अब्बांनी तीन महिने उत्तर पाठवले नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. याच अब्बांनी नंतर चार वर्षे रोज सकाळी मला कॉलेजच्या एसटीपर्यंत सोडले आणि एसटी सुटेपर्यंत ते तिथेच उभे राहत. प्रमाणपत्राला चौकट करू नये, भिंतीला ओल येते. ट्रंकेत ठेवावे.

३. प्राचीन चीनवरचे तांबड्या कापडी बांधणीचे पुस्तक माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाचे आहे. ते मी परत न करता कुवेतला आणले. तिथले कारकून रामभाऊ प्रत्येक वेळी शिक्का मारताना म्हणत, "पोरीला चीन कशाला पाहिजे? लग्न काय पेकिंगला ठरलंय?" त्यांना धडा शिकवायचा म्हणून मी पुस्तक ठेवून घेतले. त्यांना धडा मिळाला नाही आणि मागून येणाऱ्या मुलांना पुस्तक मिळाले नाही. ते परत पाठवावे. रामभाऊंवरचा राग मी या कलमाने सोडते. अगदी सगळा सुटला आहे असे मात्र नाही.

४. तळघरातला फळा, खडू आणि नऊ पाट्या माझ्या नऊ विद्यार्थ्यांच्या. ऑगस्टमध्ये शाळा बंद पडली तेव्हा या इमारतीत उरलेल्या मुलांसाठी मी तळघरात वर्ग सुरू केला. रसिका, इयत्ता सहावी, हिला माझ्याकडून एक उत्तर देणे राहिले आहे. चीनच्या शांग घराण्यात फू हाओ नावाची राणी होती, फौज घेऊन लढणारी. तिच्या बाळंतपणाबद्दल राजाने हाडाला चटका देऊन पूर्वजांकडे कौल मागितला, आणि पुढे काय झाले ते त्याच हाडावर कोरून ठेवले आहे: एकतीस दिवसांनी राणी बाळंत झाली, चांगले झाले नाही, मुलगी झाली. वर्गात मी 'बाळंत झाली' इथेच थांबत असे. रसिकाने पुस्तक पुढे वाचले आणि विचारले, "टीचर, व्हाय नॉट गुड?" मी घंटा वाजवली. उत्तर असे आहे, रसिका: ज्यांनी कोरले त्यांना तसे वाटले. ते खरे होते असे नव्हे. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवे होते.

५. आता हाड. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे.

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी शांग राजे महत्त्वाचे काहीही पूर्वजांना विचारल्याशिवाय करीत नसत. बैलाच्या खांद्याचे हाड किंवा कासवाच्या पोटाकडचे कवच घेत, मागून खळगे पाडत आणि तिथे चटका देत. समोरच्या बाजूला भेग फुटे: एक उभी रेघ आणि तिला एका अंगाने निघालेली फांदी. प्रश्न बहुधा जोडीने विचारत, उजव्या बाजूला 'पाऊस येईल', डाव्या बाजूला 'पाऊस येणार नाही'. राजा भेग वाचून निवाडा सांगे. कधी कधी पुढे प्रत्यक्ष काय घडले तेही तिथेच कोरीत. त्याला मी वर्गात 'पडताळा' म्हणते. आपण काय विचारले, काय ठरवले आणि काय झाले हे एकाच हाडावर ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर होता.

सप्टेंबरात मुलांना दाखवावे म्हणून मी चाचांकडून बकऱ्याच्या खांद्याचे हाड आणून वाळवले. त्याच आठवड्यात बसरा-बगदादमार्गे अम्मानला जाणाऱ्या बसमध्ये आमच्यासाठी दोन जागा झाल्या, एक माझी आणि एक सुरैयाभाभीची. माझा भाऊ ओवैस अब्बांच्या ऑपरेशनसाठी जुलैमध्ये गावी गेला होता, तो तिकडेच अडकला. भाभीला दिवस गेले होते, उलट्या थांबत नव्हत्या, म्हणून ती मागे राहिली होती. बस शनिवारी होती. गुरुवारी मी स्वयंपाकघरात सळई तापवत होते तेव्हा भाभी दारात आली.

"काय जाळतेस गं? घरभर वास सुटलाय."

"तीन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास, भाभी."

"मग त्यालाच विचार, बसमध्ये बसायचं का नाही."

"असा फाल बघणं, कौल लावणं गुनाह आहे."

"फाल कसला? तूच इतिहास म्हणतेस ना. विचार."

मी खिळ्याने उजवीकडे 'जावे' आणि डावीकडे 'जाऊ नये' कोरले. भेगेची फांदी जिकडे, तिकडे निवाडा, असे ठरले.

मला जायचे नव्हते. नऊ मुलांना वाऱ्यावर सोडून कसे जायचे, असे मी सगळ्यांना सांगत होते, आणि ते खोटे नव्हते. पण त्याच्या खाली दुसरे होते. गावी दोन स्थळे बघून ठेवली होती. एकदा दाभोळला उतरले की मला पुन्हा वर्गात उभे राहू देणार नव्हते. आणि इथे एकटी मुलगी म्हणून राहणे शक्य नव्हते. भाभी राहिली तरच मला राहता येणार होते.

फांदी उजवीकडे फुटली. मी हाड उलटले आणि त्याची पाठ भाभीसमोर धरली. पातळ हाडात भेग आरपार गेली होती, आणि मागून पाहिले की उजवे डावे होते. कोरलेली अक्षरे माझ्याकडे राहिली. "डावीकडे," मी म्हणाले. "जाऊ नये."

भाभी हाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. नाही तर नाही." आणि भरलेली बॅग रिकामी करायला गेली.

आज तिला नववा महिना लागला आहे. आता बस नाही. प्रभा सिस्टरच्या वॉर्डात सहा परिचारिका होत्या, दोन उरल्या आहेत. भाभीचे किंवा बाळाचे काही वाईट झाले तर त्याला कौल, नशीब किंवा लढाई जबाबदार धरू नये. मी जबाबदार आहे. ज्या लोकांना आज कोणीही अडाणी म्हणेल, त्यांच्याइतकाही प्रामाणिकपणा माझ्याकडे नव्हता. त्यांनी निदान हाड सरळ धरले.

६. म्हणून माझा तिसरा हिस्सा, म्हणजे ही वही, जिच्यात शांग काळाच्या टिपणांनंतर हे मृत्युपत्र आहे, सुरैयाभाभीला द्यावी. ओवैसला तिच्याआधी दाखवू नये. माझी खाट तिला आजपासूनच दिली आहे, तिची फार खाली आहे. हाड कापडात गुंडाळून पुरावे. माझ्यासाठी दुआ मागायची की नाही ते भाभीने ठरवावे.

७. हे मृत्युपत्र भाभीच्या शिवणयंत्राच्या खणात राहील आणि माझ्या मृत्यूनंतरच वाचावे. खाली पडताळ्यासाठी जागा सोडली आहे. काय झाले ते भाभीने स्वतःच्या हाताने लिहावे. जे झाले असेल तेच लिहावे, मला वाचवण्यासाठी काही बदलू नये.

सही करताना प्रभा सिस्टर म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी विहीर, गोठा आणि दोन घरं अर्ध्या पानात वाटली. तुझं काय एवढं?" मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवलेला नाही. सही माझीच आहे एवढेच ते सांगतात.

लिहून ठेवणार: फिजा हसन परकार

साक्षीदार:
१. नूरुद्दीन इब्राहिम खतीब, रुमैथिया
२. प्रभा मधुकर साळवी, परिचारिका, रुमैथिया

स्थळ: रुमैथिया, कुवेत
दिनांक: १३ जानेवारी १९९१

पडताळा

मंगळवार, १९ फेब्रुवारी. मी सुरैया ओवैस परकार, सातवी पास, लिहिते. लिहिणारी अजून जिवंत आहे, पाणी आणायला चाचांकडे गेलीय. तरी मी वाचलं. मशीनच्या खणात ठेवलंस तर दुसरं काय होणार? माझ्या बॉबिनी तिथंच असतात. तू सही केलीस त्याच रात्री वाचलं.

फिजा, मी पंधरा वर्षं कपडे शिवते. कापड उलटं धरलं की उजवी बाही डावीकडे जाते हे मला शिकवायला चीनचा राजा कशाला पाहिजे? हाड तू फिरवलंस तेव्हाच मला कळलं होतं. मला चार-पाच दिवस त्या बसमध्ये ओकत जायची भीती वाटत होती, आणि बाळाच्या जिवाला मी घाबरून थांबले असं ओवैसला सांगायची लाज वाटत होती. कुणीतरी नको म्हणावं, एवढंच हवं होतं. तू म्हणालीस. मी बॅग सोडली.

हे मी तुला महिनाभरापूर्वीच सांगायला पाहिजे होतं. पण तू रोज न सांगता पाणी भरत होतीस, रात्री माझे पाय चेपत होतीस, खाटही दिलीस. म्हटलं, बाळंतपण होईपर्यंत राहू दे. म्हणजे हा गुनाह माझा, तो तू तुझ्या वहीत ठेव. तू खोटं बोललीस ते बोललीसच, ते मी पुसत नाही. खाट परत मिळणार नाही.

आज पहाटे प्रभा सिस्टरनी घरीच सोडवलं. बाहेर आवाज चालूच होते. मुलगी झाली. चांगलं झालं. रसिकाला हे सांग.

सुरैया