ब्रॅकनशॉचा सेंटर हाफ

ब्रॅकनशॉ,
मंगळवार, १ मे १९५१

चि. हेटीस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणि प्लमचा जॅम, दोन्ही पोचले. आमच्याकडे सगळं ठीक. एडिथच्या गुडघ्यांची कुरकुर चालूच आहे. तुझा क्लिफ पत्र का लिहीत नाही, म्हणतेस. अगं, फुटबॉलच्या हंगामाचा शेवट, सराव, प्रवास, पोराला फुरसत कुठली? जेवतो चांगला. जॅमची अर्धी बरणी त्यानेच संपवली.

हंगामाचं मात्र विचारू नकोस. नाताळपर्यंत आम्ही सुखात होतो. मग मैदानं गोठली, गोल आटले आणि आता तळाशी आलोय. शनिवारी शेवटचा सामना. हरलो तर उन्हाळ्यात बाकीच्या क्लबांपुढे टोपी हातात घेऊन उभं राहायचं. त्यांनी मतं दिली तर लीगमध्ये, नाहीतर नारळ. गिरणीत, गुत्त्यात, चर्चच्या पायरीवर दुसरा विषय नाही. मला खुर्चीत पाच मिनिटं बसवत नाही. एडिथ म्हणते, "बसा की हो, जमिनीला भोक पाडाल."

गेल्या शनिवारी बचावाच्या मधोमध, सेंटर हाफच्या जागी खेळताना क्लिफचं डोकं समोरच्या संघातल्या एका खेळाडूच्या डोक्यावर आपटलं. आडवाच झाला. ट्रेनर मी, तेव्हा बादली घेऊन धावलो, मानेवर गार पाण्याचा स्पंज दाबला, नाकाशी उग्र वासाची बाटली धरली. आपल्या खेळात बदली माणूस नसतोच. लंगडा झाला तरी त्याला कडेला, विंगवर उभा करायचा, म्हणजे अकरा भरतात. मॅनेजर टॅटरसॉल साहेब ओरडले, "उभा राहतोय ना? मग राहू दे." मी त्याला दंडाला धरून डाव्या विंगवर नेला.

थोड्या वेळाने त्याच्याकडे चेंडू आला, तर गडी तो घेऊन आपल्याच गोलाकडे धावत सुटला. "अरे बाबा, घर चुकलास का?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मीही हसलो, हेटी.

काल न्याहारीला त्याने मला विचारलं, "मामा, बाबा खाणीवर गेले का?" जॉर्ज युद्धातून परतलाच नाही, हे मी त्याला नव्याने कसं सांगू? एडिथने चहा ओतता ओतता तोंड फिरवलं. मी म्हटलं, "हो, गेले."

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरा सेंटर हाफ आहे का तुझ्या खिशात? डॉक्टरने डोळ्यांत दिवा मारून पाहिलंय, ठीक आहे म्हणाला." क्लिफला म्हटलं, घरी बस. तर म्हणतो, "मामा, मध्ये पडलास तर जन्मात बोलणार नाही."

म्हणून तुला लिहितोय. तू अंथरुणाला खिळली आहेस, अशी तार कर. खोटं तर खोटं. तुझं नाव ऐकून तो मिळेल त्या गाडीने येईल. शुक्रवारच्या आत तार हवी. गाव मला शिव्या घालेल, घालू दे.

मामा असून मीच त्याला का अडवत नाही, असं विचारशील. शनिवारी तो पडला तर बादली घेऊन मीच धावणार. सगळं गाव ओरडत असेल, साहेब बघत असतील. मला माझे हात माहीत आहेत. ते त्याला पुन्हा उभा करतील.

तुझा दादा म्हणवणारा,
एनॉक