मळीच्या पाण्यावरची तुती

कारखान्याची वसाहत, मद्दूर
४ फेब्रुवारी

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

बोअरचं पाणी निम्म्यावर आलं आणि दाजी पावसाळ्याआधी तुती उपटून निलगिरी लावणार, हे कळलं. निलगिरीला माणूस लागत नाही, असं ते म्हणाले असतील. मग तू कशाला लागतेस, हे बोलायचं राहिलं असेल.

मी सुचवतो ते शांतपणे वाच. मळीची दारू गाळून उरलेलं सांडपाणी आम्ही टाक्यांत मुरवतो. निम्मं ते, निम्मं बोअरचं, असं दिलं तर तुतीला पाणीही मिळतं, खतही. प्रयोगशाळेमागच्या वाफ्यात मी पाहिलंय. रंग आपल्या कॉफीचा. वासाबद्दल बोलत नाही.

हे तुझ्या बागेसाठी सुचवतोय की आमच्या टाक्या तुडुंब भरल्यात म्हणून, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर स्वच्छ आलं नाही. म्हणून एका कोपऱ्यातच करून पाहा, आणि तो पाला एकाच बांबूच्या तट्ट्यातल्या रेशमाच्या अळ्यांना घाल.

लोभ आहे तसाच दाट राहू दे. पातळ फक्त ते पाणी कर.

तुझा
सिद्धराजू

केरेकोडी
१९ फेब्रुवारी

चि. सिद्धराजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा टँकर येतोय हे गावाला नाकानेच कळलं. इतकी वर्षं तुला आंघोळ घालून, कपडे बदलायला लावून किड्यांच्या खोलीत घेत आले, कारण तुझ्या अंगाच्या वासाने किडे तोंड फिरवतात. आता तू वासच टाकीभर पाठवलास. भावाला शिकवल्याचं सार्थक झालं.

तुझे दाजी म्हणतात, मादेश्वराच्या डोंगरावर शपथ घेतल्यापासून मी दारूला शिवलो नाही, आता किडे पिऊन घरात पडणार. मी म्हटलं, पडले तरी निदान शिव्या देणार नाहीत. शेजारची निंगम्मा रोज विचारते, किड्यांना सोबत चकली देता की शेंगदाणे.

कोपऱ्याला पाणी दिलं. पण या पिकात कोष झाले नाहीत तर बाग जाणार, हे नक्की. मग तुझ्याकडेच राहायला येईन, तुझ्या बायकोच्या सांबारात चुका काढायला. तेव्हा देवाला हात जोड.

आशीर्वाद तूर्त चालू आहेत.

तुझी अक्का

मद्दूर
११ एप्रिल

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

अळ्या मोठ्या झाल्या, आता कोपऱ्यातला पाला घालणार, असं लिहिलंस. घालू नकोस. वाफ्यात मी तुती वाढवली, किडे नाहीत. पान हिरवं दिसणं वेगळं आणि किड्याला पचणं वेगळं, हे मला आधी सुचायला हवं होतं. लागेल तो पाला मी विकत घेऊन पाठवतो.

ही काळजी किड्यांची की माझ्या नावाची, तेही ठरवता येत नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

सिद्धराजू

केरेकोडी
२ मे

चि. सिद्धराजूस,
आशीर्वाद, होते तेवढेच.

तुझं पत्र पोचेपर्यंत जेवणावळ उठली होती. आणि एका तट्ट्याची नाही, सगळ्यांची. मी लग्नाला गेले असताना तुझ्या दाजींनीच तो पाला कापून आणला. सगळ्यात रुंद पान तेच दिसलं म्हणे. शपथ त्या दिवशी डोंगरावरच राहिली असावी.

किड्यांनी देठापर्यंत फडशा पाडला. आता चंद्रिकांच्या बांबूजाळीवर कोष लागलेत, घट्ट; हलवले की आत खुळखुळतात. तुती राहिली. निलगिरीचं नाव कोणी काढत नाही. उलट, पाण्याची युक्ती आपलीच, असं तुझे दाजी निंगम्माला सांगतात.

सल्ला बागेसाठी होता की टाक्यांसाठी, हे किड्यांनी विचारलं नाही. मी विचारते. म्हणून कोष काढायला येशील तेव्हा बाटल्या आण, आमच्या बोअरचं पाणी भरून ने, आणि तपासून खरं असेल ते कळव. तुझ्या पाण्याने बिघडलेलं निघालं तर टँकर वेशीवरून परत जाईल. तूही त्यातच बसून जा.

आणि आंघोळ करून ये. ते पाणी टाकीत मुरलं, मातीतून गाळलं, पानातून वर आलं, तेव्हा कुठे किड्यांच्या खोलीत शिरलं. तू थेट कारखान्यातून येतोस.

तुझी अक्का